तारेला बांधलेली मराठी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला नको. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा रडली नाही, चिडली. त्या चिडण्याच्या जोरावर मी आयुष्यात बरंच काही धड केलं आणि एक गोष्ट चुकवली. ती चूक माझ्या बाबांच्या पन्नास वर्षांच्या कामावर बेतली होती.

बाबा हैदराबादचे जुने वायरमन. मूळ मराठवाड्यातले. आमच्या गावात विजेचे खांब आले ते आमच्या वस्तीच्या अलीकडे येऊन थांबले. पुढं का येत नाहीत हे विचारायला गेलेले लोक वर्षभर विचारतच राहिले. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. ते हैदराबादला आले आणि कोठी बाजारातल्या एका दुकानात उस्तादांकडे वायरिंग शिकायला बसले. उस्ताद दखनी, म्हणजे हैदराबादी उर्दू बोलायचे, बाबांना फक्त मराठी यायची, आणि दोघांचं छान जमलं. चार-पाच वर्षांनी वस्तीत वीज आली तेव्हा आतलं सगळं काम बाबांनी स्वतः जाऊन केलं. पहिला दिवा विहारात लावला, मग घराघरात. आजही मी गावी गेले की म्हातारी माणसं जयभीम घालून विचारतात, "लाईटवाल्याची पोरगी ना तू?" आणि मी हो म्हणताना जरा जास्तच ताठ उभी राहते.

बाबांची काम करायची एक पद्धत होती. पाइपातून तारा ओढून झाल्या की प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना ते पांढरी कापडी पट्टी गुंडाळायचे आणि त्यावर काळ्या शाईनं लिहायचे, ती तार कुठली ते. जिना. स्वयंपाकघर. मागची खोली. सगळं मराठीत, कारण लिहिता त्यांना तेवढंच यायचं. तेलुगू माणसाचं घर असो, उर्दू बोलणाऱ्याचं असो, भिंतीच्या आत मराठी. मी लहानपणी विचारायची, "बाबा, या गावात मराठी वाचणार कोण?" ते म्हणायचे, "मी हाये की."

आणि एक नियम होता. दुसऱ्यानं बंद केलेल्या डब्यात हात घालायचा नाही. ज्याचं काम त्यानं उघडावं. हा नियमही या हकीकतीत आडवा आला, म्हणून सांगून ठेवते.

मीही त्याच धंद्यात गेले. आयटीआयला वर्गात मी एकटी मुलगी. मास्तरांनी पहिल्या दिवशी मला टायपिंगच्या वर्गाचा रस्ता दाखवला. मी त्यांना त्यांच्याच टेबलावरच्या बंद पंख्याचा बिघाड दाखवला. पुढं एसीचं काम शिकले आणि कुकटपल्लीतल्या एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही घरांत हीट पंप बसवायचो. हीट पंप म्हणजे एसीच, पण दोन्हीकडून चालणारा. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, थंडीत बाहेरची गोळा करून आत आणतो. हैदराबादला थंडी ती केवढीशी, असं लोक म्हणतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा.

ही वाटणीची वर्षं होती. राज्य दोन होत होतं. जो भेटेल तो विचारायचा, तुम्ही इकडचे की तिकडचे? ऑफिसांतून फायली वाटल्या जात होत्या, माणसं वाटली जात होती, पाट्या नव्यानं रंगत होत्या. आम्हाला विचारलं की बाबा म्हणायचे, "मागच्या वाटणीत, भाषेवर राज्यं वाटली तेव्हा, आमचा जिल्हा तिकडं गेला अन् मी इकडं आलो. आता कुठं पाठवता?" आमच्या कंपनीचीही वाटणी झाली. दोन भागीदार होते. एक किनाऱ्याकडं नवी कंपनी काढायला निघाला, दुसरा, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, इथंच राहिला. कोण कुणाकडं जाणार याची यादी महिनोन् महिने चालू होती. कामापेक्षा मीटिंगाच जास्त.

तशातच विद्यानगरचं काम आलं. एका प्राध्यापकांचं जुनं घर. ते वारले होते, त्यांची पत्नी एकटी राहायची. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. ते घर बांधलं तेव्हा त्याचं सगळं वायरिंग बाबांनी केलेलं. भिंतीच्या आतून पाइप, प्रत्येक वळणाला डबा, प्रत्येक डब्यात पट्ट्या. तीस वर्षांवर होऊन गेली, तरी त्या घरात एकदाही बाबांना बिघाडासाठी बोलावणं आलं नव्हतं. बोलावणं यायचं ते संक्रांतीच्या अरिसेलूंसाठी, म्हणजे त्यांच्याकडच्या अनारशांसाठी, आणि बाबा तिळगुळाचा डबा घेऊन जायचे. अम्माच्या मुलानं परदेशातून आईसाठी हीट पंप घ्यायचं ठरवलं, मी आमच्या कंपनीचं नाव सुचवलं, आणि अम्मानं एकच अट घातली. माझ्या भिंतीत तार घालायची तर ती याच माणसानं.

बाबा तेव्हा सत्तरीला टेकले होते. डोळ्याला जाड चष्मा. काम जवळजवळ सोडलेलं, तरी खांद्याला अडकवायची हत्यारांची कॅनव्हासची पिशवी रोज पुसून खुंटीला. ती पिशवी घेऊन ते गेले आणि जिन्याखालच्या बोर्डापासून गच्चीपर्यंत जुन्याच पाइपातून चार नव्या तारा ओढून दिल्या, पट्ट्या बांधून. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर जाऊन मशीनला जोडणार होते. बाप तार ओढणार आणि लेक जोडणार, एकाच घरात. मी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं ड्रेस इस्त्री केला होता, आता काय सांगू.

आणि सकाळी सरांनी मीटिंगला बोलावून घेतलं. यादीची मीटिंग. विद्यानगरला माझ्याऐवजी आमच्यातला एक जण गेला. हा किनाऱ्याकडचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायचा. काम नेटकं, पण देवनागरी वाचायची म्हटलं की बोट ठेवून वाचायचा. अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. मी मीटिंगमध्ये, समोर माझ्याच नावावर चर्चा चाललेली.

"अक्का, चार वायर हैं. दो पे एक-दो लिखा है, वो समझा. बाकी दो पे क्या लिखा है? एक गरम जैसा दिखरा, दूसरा थं... थंड?"

"हौ, गरम आणि थंड. हीटिंग और कूलिंग. स्कूल में हिंदी नहीं थी क्या तेरेको?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. मीटिंगमध्ये दोघं-तिघं हसले, मलाही जरा बरं वाटलं.

मशीन चालू झालं. उन्हाळाभर अम्माचं घर गार. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, तार माझी, मशीन पोरीच्या कंपनीचं.

थंडी पडली आणि तक्रार आली. मशीन गरम हवा देत नाही. थंड करायला लावलं की मुकाट थंड करतं, गरमवर लावलं की गच्चीवरच्या डब्यातून नुसती घुंईंई, आणि बंद ठेवलं तरी ती घुंईंई चालूच, उन्हाळ्यापासूनची, पण गच्चीवरचा आवाज तोवर कुणी मनावर घेतला नव्हता. अम्माचे गुडघे सकाळी धरायचे, ती शाल गुंडाळून स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसायची. आमची माणसं दोनदा जाऊन आली. दिशा बदलणाऱ्या झडपेची कॉइल बदलली, मग एक रिले बदलला. रिले म्हणजे आतलं छोटं चुंबकी बटन, वीज मिळाली की टक् करून ओढलं जातं. सगळं नवं टाकलं आणि घुंईंई तशीच.

सर वैतागले. त्यांनी निकाल लावला, मशीन चांगलं आहे, घराचं वायरिंग खराब आहे. बुढ्ढ्या वायरमननं जुन्या पाइपात तारा कोंबल्या, कुठंतरी सोलल्या गेल्या, वीज झिरपतेय. अम्माला पत्र द्यायचं ठरलं. घराचं वायरिंग सदोष, भिंती फोडून सगळं नव्यानं करा, तोपर्यंत आमची जबाबदारी नाही. पत्र सोमवारी दुपारी सर स्वतः नेऊन देणार होते.

सगळं नव्यानं, म्हणजे बाबांचं ते सगळं घर. सरांना माहीत होतं तो माझा बाप आहे. ते म्हणाले, "बुरा नक्को मानो. उमर हो गई उनकी." मी त्या दिवशी चिडले नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, असं कधी होतं का.

घरी मी बाबांना सांगितलं. मला वाटलं ते उसळतील. ते चष्मा काढून बसून राहिले. मग म्हणाले, "झालं असंल. पाइपात ओढताना मधी एकदा अडकल्यासारखं झालतं. हाताला आता पहिल्यासारखं कळत नाही." मग उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवून दिली. आई म्हणाली, "काहून वर ठेवता?" ते म्हणाले, "लागत नाही आता." चौदा एप्रिलला वस्तीची रोषणाई करणारा माणूस, ज्याच्या हातात टेस्टर नसला तर आम्हाला तो अर्धवट कपडे घातल्यासारखा दिसायचा, तो दुसऱ्या दिवशी घरातला गेलेला बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलावून आला.

आता खरं सांगते. इतके दिवस मी तिकडं फिरकले नव्हते. दोन्ही वेळा मला जाता आलं असतं. मी दुसरी कामं काढली, कारण मला भीती होती की मी जाईन, तपासेन, आणि चूक बाबांचीच निघेल. त्यांच्यावर संशय घेणाऱ्यांत मीही होते. फक्त मी तोंडानं बोलले नव्हते एवढंच.

सोमवारी सकाळी मी बाबांना म्हणाले, "चला. मला खाली बोर्डाजवळ एक माणूस लागतो."

"दुसरं कुणी ने."

"दुसरं कुणी नाही. आणि मला दुसरं कुणी नकोय."

"अगं माय, आता बघून काय करतीस? फोडू दे त्यांना."

"तुम्ही येता की मी उचलून नेऊ?"

ते आले. रिकाम्या हातानं, खिशात फक्त चष्मा. बसमध्ये त्यांचा हात दोनतीनदा खांद्याकडं गेला, पिशवीचा पट्टा सारखा करायला.

अम्मानं दार उघडलं, बाबांकडं बघून तेलुगूत म्हणाली, तुझी मुलगी उशिरा का आली? मी गच्चीवर गेले. जिना घराच्या मधोमध, खाली त्याच्या पायथ्याशी बोर्ड आणि थर्मोस्टॅट, म्हणजे भिंतीवरचं ते चौकोनी यंत्र ज्यावर गरम हवं की थंड ते ठरवतात. बाबा खाली, मी वर, मध्ये जिन्याची पोकळी. आवाज स्वच्छ पोचायचा.

डब्याचं झाकण काढलं. चार तारा, चार पट्ट्या, बाबांची गोल अक्षरं. 'गरम' लिहिलेली तार मशीनच्या हीटिंगच्या स्क्रूला. 'थंड' लिहिलेली कूलिंगच्या स्क्रूला. 'एक' आणि 'दोन' उरलेल्या दोन स्क्रूंना, जिथं डब्याची वीज येते. मी बघितलं, बरोबर वाटलं, पुढं गेले. बरोबर वाटलं, हे मी मुद्दाम लिहितेय.

मग मल्टिमीटर लावला. थर्मोस्टॅट बंद होता, म्हणजे दोन्ही रिलेंवर काहीच वीज नको. हीटिंगच्या रिलेवर दाखवलं एकशे पंधरा. कूलिंगच्या रिलेवर लावला, तिथंही एकशे पंधरा. दोनशे तीसच्या जागी निम्मी निम्मी, एक भाकरी दोघांनी मोडून खाल्ल्यासारखी. तेवढ्या विजेवर रिले ओढलाही जात नाही आणि गप्पही बसत नाही, नुसता घुमतो. घुंईंईचं कारण तर सापडलं. पण ही नको तिथली वीज आली कुठून? बंद थर्मोस्टॅटमधून वीज यायची नाही. मग पाइपातूनच, सोललेल्या तारेतून. सर म्हणत होते तेच. मी मल्टिमीटर हातात धरून तशीच उभी राहिले. खाली उभ्या असलेल्या माणसाला हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

तरी एकेक तार तपासून बघायचं ठरवलं. मी खाली ओरडले, "बाबा, गरम चालू करा." मला थर्मोस्टॅट गरमवर हवा होता.

"चालूच हाये," खालून आवाज आला.

चालू कसा असेल? आकडा तर एकशे पंधराच होता, दोनशे तीस नाही. मला वाटलं, चष्म्यातून नीट दिसत नसेल.

"मग बंद करा गरम."

खट् असा आवाज आला आणि माझ्या मल्टिमीटरवर एकदम शून्य. दोन्ही रिलेंवर शून्य. घुंईंई बंद. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या गच्चीवर शांत झालं.

"काय केलंत?"

"गरम बंद केला."

"करा चालू परत."

खट्. पुन्हा एकशे पंधरा, पुन्हा घुंईंई. माझं डोकं तापायला लागलं. "बरं, आता थंड चालू करा."

मग बाबांचा आवाज, वैतागलेला. कित्येक दिवसांनी मी त्यांचा वैतागलेला आवाज ऐकत होते.

"थंड कसा चालू करू?"

"बटन दाबून."

"थंडला कधी बटन लावतेत का? येडी झालीस? पहिल्या दिवशी काय शिकवलं तुला मी?"

पहिल्या दिवशी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक होल्डर, एक बटन, दोन तारा. बाबा उस्तादांचेच शब्द म्हणून दाखवत होते. हा गरम, हा ठंडा. गरम मारतो, थंड मारत नाही. बटन नेहमी गरमला लावायचं, थंडला कधीच नाही. गरम म्हणजे फेज, वीज आणणारी तार. थंड म्हणजे न्यूट्रल, परतीची तार. खाली बाबा थर्मोस्टॅट नव्हे, बोर्डावरचं फेजचं बटन खट् करत होते. कोठीतल्या त्या दुकानापासून पन्नास वर्षं बाबांनी दुसरा शब्द वापरला नव्हता. ठंडाचं थंड केलं, तेवढीच त्यांची मराठी. आणि मी आयटीआयला गेले, फेज-न्यूट्रल म्हणायला लागले, आणि ज्या शब्दांवर माझा हात बसला ते शब्द विसरले.

बाबांनी बोर्डातून आणलेल्या वीजपुरवठ्याच्या दोन तारांना गरम आणि थंड लिहिलं होतं. थर्मोस्टॅटकडून आलेल्या दोन तारांना एक आणि दोन, हीटिंगची एक, कूलिंगची दोन, नकाशात होतं तसंच. त्यांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. आमच्या माणसानं फेज हीटिंगच्या जागी लावली, न्यूट्रल कूलिंगच्या जागी, आणि उरलेल्या दोन उरलेल्या जागी. त्यामुळं दोन्ही रिले एकामागोमाग एक अडकले होते आणि वीज निम्मी निम्मी वाटून घेत होते. थंडवर लावलं की योगायोगानं वाट जुळायची, गरमवर जुळायची नाही. भिंतीत काही नव्हतं. पाइपात काही नव्हतं.

मी गच्चीच्या कठड्याला टेकले. इतका आनंद झाला की हसूच फुटलं. आणि हसता हसता आठवलं, त्यानं विचारलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, आणि त्याला उत्तर मी दिलं होतं. वर हिंदीवरून टोमणाही.

बाबा जिना चढून वर आले, धापा टाकत. "काय झालं गं? हसतीस काय?"

मी त्यांना पट्ट्या दाखवल्या. काय कुठं लागलंय ते दाखवलं. डबा आता मी उघडलेला होता, माझ्या कंपनीचा होता, म्हणून त्यांनी आत डोकावून पाहिलं. अम्माकडं येणंजाणं असूनही इतके महिने नियम म्हणून ते झाकणाला शिवले नव्हते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांनी चारही तारा पाहिल्या.

"कोन्या गाढवानं जोडलं हे?"

"गाढव मी आहे, बाबा. त्यानं मला फोनवर विचारलं होतं. मी सांगितलं, गरम म्हणजे हीटिंग."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, परत तारांकडं बघितलं. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. पण त्यांना वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. तारेचं नव्हतं ते. मला तो शब्द आठवला नाही, याचं होतं.

दुपारी सर आले, पत्र घेऊन. बरोबर तो किनाऱ्याकडचा. सगळे गच्चीवर आले, अम्मासुद्धा एकेक पायरी धरत आली. मी मेन बंद केली, तारा सगळ्यांसमोर सोडवल्या, पट्टीप्रमाणे जागेवर लावल्या, मेन चालू केली. आवाज नाही. बाबा खाली गेले, थर्मोस्टॅट गरमवर लावला. वर टक् झालं, पंखा फिरला, आणि थोड्या वेळानं खालून बाबा ओरडले, "आली गरम हवा."

सर हुशार माणूस. त्यांनी पत्राची घडी घातली आणि खिशात टाकली. मग कामाचा अहवाल लिहायचा कागद काढला आणि म्हणाले, "ठीक है, खतम करो. लूज कनेक्शन था, लिख देते."

बाबा तोवर खाली मेन बंद करून परत वर आले होते, झाकण लावायचं बाकी होतं म्हणून. त्यांना इंग्रजी येत नाही, पण हे दोन शब्द येतात. सत्तरीचा माणूस, धाप लागलेला, सरळ डब्याजवळ गेला.

"साहब, हमारा कनेक्शन लूज? पकडो. दोनों हाथ से खींचो. निकला तो मैं आपके घर का झाड़ू मारूँगा."

सरांनी ओढली नाही. बाबांनी त्यांचा हात धरून तारेवर ठेवला. "मेन बंद है. खींचो, साहब."

सरांनी ओढली. तार हलली नाही. अम्मा शालीतून हसली.

मी म्हणाले, "लूज नाही लिहायचं, सर. पट्टीवर बरोबर लिहिलेलं होतं, मी चुकीचं सांगितलं. यानं मला विचारून जोडलं. माझं नाव लिहा."

तो पोरगा खाली मान घालून उभा होता. मी त्याला विचारलं, इतके महिने सांगितलं का नाहीस, की अक्कानं सांगितलं म्हणून? तो म्हणाला, "अक्का, आपके बाबा का लिखा, आप पढ़े. मैं क्या बोलूँ? मैं सोचा मैं ही गलत सुना." वाटणीच्या त्या दिवसांत, तिकडचा म्हणून त्याच्याकडं आधीच सगळे वाकडं बघत असताना, त्यानं हे पोटात ठेवलं होतं. त्याला मी तिथंच माफ कर म्हणाले. मला हे शब्द जड जातात, माझ्या घरच्यांना विचारा.

सर म्हणाले, यादी अजून पक्की नाही, विचार कर. मी म्हणाले, केला. अहवाल मीच लिहिला, इंग्रजीत, चूक माझ्या नावावर. त्या कागदात खाली एक रकाना असायचा, वायरिंग कुणी केलं. आम्ही तो नेहमी रिकामा सोडायचो, घरवायरिंगवाल्याचं नाव कोण लिहितं. त्या दिवशी मी बाबांचं नाव लिहिलं. पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आणि पुढं वायरमन. ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. यादीत मी शेवटी सरांकडंच राहिले, पण ते मला पुढं कळलं, आणि नसते राहिले तरी त्या कागदापुढं मला त्याचं काही वाटलं नसतं.

झाकण लावायच्या आधी बाबांनी मला थांबवलं. जुन्या पट्ट्या डब्यातल्या उष्णतेनं पिवळ्या पडल्या होत्या. माझ्याकडं कापडी पट्टी होती, पेन होतं. त्यांना बारीक लिहिणं आता जमत नव्हतं.

"लिही," ते म्हणाले.

"काय लिहू? फेज?"

"गरम लिही. उस्तादांचा शब्द हाये तो." मी लिहिलं. मग ते जरा थांबले आणि हसले, त्या दिवसात पहिल्यांदा. "अन् खाली तुझ्या इंग्रजीत फेज लिही. तुझ्यासारखं शिकलेलं कुणी आलं तर घोटाळा नको."

सगळे हसले, तो पोरगाही. खाली उतरताना बाबांनी अम्माला तेलुगूत सांगितलं, चूकही माझ्या पोरीची आणि शोधलीही माझ्याच पोरीनं. पुढं कित्येक वर्षं ते हे लग्नात, बारशात, विहारात सांगत राहिले, पहिल्या भागावर थांबून मी चिडायची वाट बघत आणि मग दुसरा भाग सावकाश.

अम्मा गरम हवेसमोर पाय लांब करून बसली होती. बाबा दारात चप्पल घालायला वाकले, सवयीनं खांद्यावरचा पट्टा सावरायला हात वर नेला, आणि पट्टा नव्हता. त्यांनी हात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

"लवकर चल, माय," ते म्हणाले. "माळ्यावरून पिशवी काढायचीय."